दुसऱ्या कडव्यातला साक्षीदार

१२ फेब्रुवारी

चिंगे,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून नाक मुरडू नकोस. तुझा फोन वाजला की शेजारच्या खोलीतले आमच्या बाबांचे, म्हणजे तुझ्या मामाचे, कान दारापर्यंत लांब होतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. हे पत्र गच्चीवर वाच आणि त्यांच्या नजरेला पडू देऊ नकोस.

काम असं आहे. आमच्या साहेबांकडे एक जुना खटला आलाय. आलाय कसला, मीच त्यांच्या गळ्यात मारलाय. पाववाल्याचा. हो, तोच. तू आणि बाबा बाजाराबाजारांत ज्याच्यावरचं गाणं सगळ्यात शेवटी म्हणता आणि लोक ज्याला शिव्या घालत घरी जातात, तो.

गाणं तुला पाठ आहे, खटला नसेल. तर ऐक. पाववाला आणि त्याचा मित्र यांची भागीदारीत बेकरी होती. मित्रानं गुपचूप जागा स्वतःच्या नावावर करून घेतली आणि याला बाहेर काढलं. यानं दोन गल्ल्या सोडून छोटं दुकान थाटलं आणि निमूट पाव भाजायला लागला. मग एका पहाटे जुनी बेकरी पेटली. मित्रानं माडीवरून उडी मारली, पाय मोडला, जीव वाचला. धुराडं कित्येक वर्षं साफ केलेलं नव्हतं, ठिणगी तिथूनच उडाली असणार, असं आग विझवायला आलेला माणूस तेव्हाच म्हणाला होता. पण धुराड्यावर कोणी गाणं केलं नाही. दूधवाल्यानं साक्ष दिली की पाववाल्याला मी भिंतीशी बघितलं, आणि पाववाला आत गेला. त्याचं हे आतलं चौथं वर्ष.

आता खरी गोष्ट. मी परवा दूधवाल्याची साक्ष वाचत होते आणि वाचता वाचता माझा पाय ठेका धरायला लागला! आधी वाटलं मला वेड लागलं. पुन्हा वाचली. पहाट होती, धुकं होतं, कुत्रं भुंकत नव्हतं, लाल मफलर होता, हातात कंदील होता. अगं, आपल्या गल्ल्यांत विजेचे दिवे आहेत. कंदील घेऊन कोण हिंडतं? आणि पाववाल्याची बायको शपथेवर सांगते की त्याच्याकडे लाल मफलर कधीच नव्हता.

मला एवढंच सांग, हे गाणं बाबांनी कधी केलं? साक्षीच्या आधी की नंतर? आधी असेल तर तो माणूस सुटू शकतो.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

गच्चीवर वाचलं. मामा जिन्यात खोकत उभा होता, पण त्याचे गुडघे वर चढू देत नाहीत, तेव्हा पत्र सुरक्षित आहे.

काय तुझी चौकस बुद्धी! लहानपणी सापशिडीत माझी सोंगटी कुठल्या घरात होती यावर तू अख्खी दुपार उलटतपासणी घ्यायचीस, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही एक तर वकील होईल नाहीतर मार खाईल.

गाणं कधी केलं ते काही आठवत नाही बाई. मामा सतत काहीतरी जुळवत असतो. चहाच्या कपावर चमचा वाजवतो, मी पेटीवर सूर धरते, आणि बघता बघता एखाद्याचा खून होऊन गेलेला असतो. आग, दगा, पळून गेलेली नवरी, सगळी गाणी डोक्यात एकमेकांत मिसळतात.

आमचं बरं चाललंय. मागच्या आठवड्यात घाटापलीकडच्या बाजारात एवढी गर्दी झाली की एक जण छत्र्यांच्या दुकानावर चढून बसला. शेवटी मामानं नेहमीसारखा हात कानाला लावून विचारलं, "सांगा मंडळी, कोण होता?" आणि सगळा बाजार ओरडला, "पाववाला!" अंगावर काटा येतो गं. त्या एका गाण्यावर आमचं घर चालतं, हे तुला सांगायला नकोच.

तू जेवतेस ना वेळेवर? मामा विचारत नाही, पण मी विचारते.

चिंगी


२१ फेब्रुवारी

चिंगे,

तुला आठवत नाही? तुला? पाचवीत मी तुला काय म्हणाले होते ते शब्द न् शब्द तू माझ्या लग्नात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलेस! मला बनवू नकोस.

घर त्या गाण्यावर चालतं, कळलं मला. तुझ्या पत्रातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. मी रागावलेली नाही. थोडी रागावलेय.

पाववाल्याची बायको दर सोमवारी आमच्या ऑफिसात येते. दुकान आता तीच चालवते. बसनं येताना ताजे पाव आणते आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणते, "काही हललं का?" साहेब चष्मा पुसतात. एवढ्या वेळा पुसलाय की काच झिजली असेल. परवा मी तिला विचारलं, तुम्ही ते गाव सोडून का जात नाही? ती म्हणाली, "तो सुटून आला की कुठं शोधेल मला?" पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा तिच्यासमोर ते गाणं गुणगुणतात गं, लक्षातही येत नाही त्यांच्या. ती सुट्टे पैसे परत देते आणि दुसऱ्याकडे वळते.

दूधवाल्याला पुन्हा उभं करायला न्यायाधीशांनी परवानगी दिली आहे. तारीख आहे मार्चच्या अठरा तारखेची. त्यात काही निघालं नाही तर खटला कायमचा बंद, आणि पाववाल्याला उरलेली सगळी वर्षं काढावी लागतील. बरीच उरली आहेत.

आता आठव.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आठवलं. तुझं पत्र वाचून पाव घशाखाली उतरेना, म्हणून आठवलं.

आग लागली त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही ते गाणं म्हटलं. पोलिसांनी तोवर कोणाला काही विचारलंही नव्हतं. मामा बेकरीपाशी गेलासुद्धा नव्हता. चहाच्या टपरीवर त्यानं एवढंच ऐकलं की जुन्या भागीदारानं ज्याला फसवलं होतं त्याचं दुकान जवळच आहे. झालं! मामाचं शास्त्र तुला माहीत आहे: ज्याला फसवलं तो सूड घेणारच, नाहीतर गाणं पुढं कसं सरकणार? दुसरं कडवं तर माझ्या डोळ्यांदेखत झालं:

पहाट होती, धुकं दाटलं,
कुत्रं एकही भुंकत नव्हतं;
लाल मफलर, हाती कंदील,
कोण भिंतीशी थांबलं होतं?

मी तेव्हाच म्हटलं होतं, मामा, कंदील कुठला? तर म्हणाला, "बॅटरी गाण्यात शोभते का?" आणि लाल मफलर तर त्याच्या प्रत्येक दुष्टाला असतो. सावकाराला, पळपुट्या नवऱ्याला, होडी बुडवणाऱ्या नावाड्यालासुद्धा. भर उन्हाळ्यात!

दूधवाला त्या रविवारी पहिल्या रांगेत होता. त्याच्या पुढच्या रविवारीही होता. तोंडभर ओरडायचा, "पाववाला!" साक्ष त्यानंतर झाली.

मी येऊन सांगू का कोर्टात? तू म्हणशील त्या दिवशी येते. घराचं बघू काय व्हायचं ते.

चिंगी

ता. क. मी मामाला सरळ विचारून बघितलं, कोर्टात येशील का. तो ताडकन उठला. म्हणाला, "जादूगार बाहीतला पत्ता काढून दाखवतो का?" त्याच्या गुरूनं त्याला शपथ घातली होती म्हणे, की गाण्यातलं खरं किती, खोटं किती, हे गाणाऱ्यानं कोणापुढं उघड करायचं नाही. कोणी विचारलंच तर वाद्य खाली ठेवायचं आणि म्हणायचं, "तुम्हीच सांगा." मग दार लावून घेतलं. रात्री जेवला मात्र व्यवस्थित.


२ मार्च

चिंगे,

तू गुणाची आहेस. सापशिडीतली ती सोंगटी तू म्हणालीस त्याच घरात होती, हे आज कबूल करते.

पण तू येऊन भागणार नाही. साहेबांनी मला समजावलं. सरकारी वकील उठून म्हणेल, गाणं आधी झालं तर झालं, गाणाऱ्यानं ती हकीकत दूधवाल्याकडूनच ऐकली असेल. मफलर आणि कंदील आपल्या मनानं घातले, असं सांगू शकणारा माणूस या जगात एकच आहे, आणि तो व्यवस्थित जेवून झोपतो.

मी बाबांना फोन केला. आमचं बोलणं तुला माहीतच आहे, मी वकिलीला गेल्यापासून "जेवलीस का" आणि "थंडी आहे का तिकडं" यापुढं जात नाही. मी म्हटलं, बाबा, एक माणूस तुमच्या गाण्यामुळे आत बसलाय. ते म्हणाले, "माझ्या गाण्यामुळे? न्यायाधीश काय बाजारात बसून न्याय करतात?" मी म्हटलं, न्यायाधीश नाही, साक्षीदार बसतो. ते म्हणाले, "इकडं थंडी आहे." आणि ठेवून दिला.

अस्सा संताप आला! कसली शपथ आणि कसला गुरू! स्वतःचं गाणं खोटं ठरेल याची भीती आहे त्यांना. एवढा अहंकार मी उभ्या जन्मात बघितला नाही. मी हात टेकले. साहेब म्हणतात, दूधवाल्याला उलटसुलट विचारून बघू, निघेल ते निघेल. त्यांच्या आवाजातही जीव नव्हता.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा विचारेल, काही हललं का. काय सांगू तिला?

ताई


११ मार्च

ताई,

मामाचा नाद सोड. त्याचा पाय मुरगळलाय, दिवसभर शेकत बसलेला असतो. अठरा तारखेला मलाही यायला जमणार नाही, नदीकाठच्या बाजारात कार्यक्रम ठरलाय आणि मी तो एकटीच करणार आहे. मामा घरीच राहील.

एक विचारते. कोर्टात मागं बसून कोणालाही ऐकता येतं का? की चिठ्ठी लागते? एका ओळखीच्या माणसाला विचारायचंय, त्याला खटले ऐकायचा शौक आहे.

काळजी करू नकोस. साहेबांना सांग, दूधवाल्याला घाई करू देऊ नका, सगळं सावकाश बोलायला लावा. आणि मधूनच कुठूनतरी विचारा. तू गाण्याच्या घरातली आहेस, मी काय म्हणतेय ते कळेल तुला.

चिंगी


१८ मार्च

चिंगे, अगं लबाड, अगं महालबाड पोरी!

पाय मुरगळलाय काय! खटले ऐकायचा शौक काय! आत्ता घरी आलेय, चपला पण काढल्या नाहीत, आधी हे लिहितेय. तू तिकडं नदीकाठी पेटी बडवत बसलीस आणि इकडं काय झालं ते तुला अजून कोणी सांगितलंही नसेल.

सकाळी कोर्टात गेले. पाववाला बसला होता, शेजारी शिपाई. त्याची बायको भिंतीशी. मी मागं बघितलंच नाही. दूधवाला उभा राहिला. माणूस वाईट नाही गं, भला आहे, केस चापून आला होता. साहेब म्हणाले, काय बघितलंत ते सांगा, सावकाश. त्यानं घसा साफ केला आणि घडाघडा सांगून टाकलं. पहाट, धुकं, कुत्रं, मफलर, कंदील, भिंत.

मग साहेबांनी तू सांगितलंस तसं केलं. म्हणाले, "कंदील कोणत्या हातात होता?" दूधवाला थांबला. वर बघितलं. ओठ हलले. आणि म्हणाला, "पहाट होती, धुकं..." साहेब म्हणाले, "ते कळलं. कंदील?" तो पुन्हा म्हणाला, "पहाट होती..." चिंगे, गाणं मधूनच म्हणायला सांगितलं की लोकांचं कसं होतं ते तुला माहीत आहे ना? सुरुवातीपासून आल्याशिवाय त्यांना पुढचं सापडतच नाही. अगदी तसंच! तीनदा झालं हे. न्यायाधीश लेखणी ठेवून बघायला लागले. सरकारी वकील उठला, म्हणाला, साक्षीदार घाबरलाय, त्याला उगीच गोंधळवताय. न्यायाधीशांनी मान हलवली. मला वाटलं, गेलं, संपलं.

दूधवाल्यानं घाम पुसला, म्हणाला, "सांगतो साहेब, नीट सांगतो. कुत्रं भुंकत नव्हतं. मग धुकं आलं. त्याच्या गळ्यात कंदील, म्हणजे गळ्यात निळा मफलर..."

आणि मागच्या बाकावरून एक आवाज आला. "अहो, लाल! लाल! आणि कुत्रं आधी कसं येईल? आधी धुकं!"

तो आवाज मी पाळण्यात ऐकलाय.

न्यायाधीश म्हणाले, "कोण आहे तो?" आपले बाबा ठणठणीत दोन पायांवर उभे! म्हणाले, "माफ करा साहेब, पण हा माणूस मघापासून वाट लावतोय. सहन किती करायचं?" न्यायाधीश म्हणाले, "कशाची वाट?" बाबा म्हणाले, "माझ्या दुसऱ्या कडव्याची." न्यायाधीश म्हणाले, "ही साक्ष आहे." बाबा म्हणाले, "साक्ष कसली! यमकासकट माझं आहे." आणि म्हणून दाखवलं. चालीवर. हात कानाला लावून. चिंगे, शेवटच्या ओळीला शिपायाचे ओठ हलत होते!

त्यांना पुढं बोलावलं, शपथ दिली. तुम्ही त्या पहाटे तिथं होतात? "नाही, झोपलो होतो." मग लाल मफलर कोणी बघितला? "कोणी नाही. माझ्या सगळ्या दुष्टांना असतो. मागच्या माणसाला कळायला नको का, कुठला दुष्ट ते?" कंदील? "बॅटरी शोभत नाही." आणि कुत्रं? "शांतता दाखवायला." हे सगळं अगदी ऐटीत सांगत होते गं, जाणकार श्रोता भेटल्यासारखे. मग न्यायाधीशांनी हळूच विचारलं, "आणि भिंतीशी थांबलेला माणूस?"

तेव्हा बाबांना कळलं. मी बघत होते त्यांच्याकडे. पाववाला समोरच बसला होता, पण बाबांनी मान वर केली नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तोही मीच उभा केला."

दूधवाला मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. म्हणाला, "मी बघितलं होतं हो. मला दिसतं अजून. डोळे मिटले की दिसतं." साहेब म्हणाले, "गाणं ऐकायच्या आधी दिसत होतं का?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "नाही."

मी बाबांवर रागावले होते, अहंकारी म्हणाले होते. अहंकारी आहेतच. त्यांचा तो अहंकारच आज कामाला आला. तरीही बाहेर आल्यावर मी त्यांना मिठी मारली आणि ते म्हणाले, "जेवलीस का?" मग बसमध्ये चढले, मागं न बघता.

तू त्यांना नेमकं सांगितलंस तरी काय?

ताई


२३ मार्च

ताई,

सांगितलं एवढंच, की दूधवाला कोर्टात तुझं गाणं म्हणणार आहे आणि ऐकलंय की चुकीचं म्हणतो. रात्रभर झोपला नाही. सकाळी पहिली बस धरून गेला, "नुसता ऐकून येतो" म्हणून.

तुला कळवलं नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. साहेबांच्याही दिसलं असतं.

खटला नव्यानं उघडून पाववाल्याला सोडलं, हे तुझ्या तारेनं कळलं. मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. मामाला सांगितलं तर म्हणाला, "बरं," आणि पेटीवरची धूळ पुसत बसला.

आता इकडचं. काल रविवार, बाजार भरला. मामानं सावकाराचं म्हटलं, नवरीचं म्हटलं, आणि मग हात जोडून म्हणाला, आज एवढंच. लोक ऐकेनात. "पाववाल्याचं! पाववाल्याचं!" मामा म्हणाला, "तो माणूस सुटला. त्यानं काही केलं नव्हतं." कोणी ऐकलंच नाही गं. किंवा ऐकलं आणि हसले, त्यांना वाटलं गाण्याच्या आधीची गंमत आहे. मी पेटीवरून हात काढले. आणि त्यांनीच सुरू केलं. पहाट होती, धुकं दाटलं... सगळा बाजार, आमच्याशिवाय. शेवटी टाळ्या वाजवून स्वतःच विचारलं, कोण होता, आणि स्वतःच ओरडले.

मी मामाला हाताला धरून घरी आणलं. वाटेत म्हणाला, "चांगलं बांधलंय गं गाणं. कुठूनही सुटत नाही." पाणीसुद्धा न पिता झोपला. त्याला असा मी कधी बघितला नव्हता. मला भीती वाटते, ताई.

चिंगी


२५ मार्च

वकिलीणबाईंना बापाचा नमस्कार.

चिंगी तुला चोरून पत्रं लिहिते, मला माहीत आहे. गच्चीवर वाचते तेही माहीत आहे. आता हे मी चोरून लिहितोय, ती पेटीचा भाता दुरुस्त करून आणायला गेली आहे.

काल दुपारी दार वाजलं. उघडतो तर तो. सोबत बायको. मी त्याला तोवर धड बघितलंच नव्हतं. गाण्यात मी त्याला उंच केलाय, रुंद खांदे, जळते डोळे. हा माझ्या खांद्याला लागतो आणि दर दोन वाक्यांनी नाक ओढतो. सर्दी आहे की सवय, विचारलं नाही.

मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर मी सोडवून घेणार नव्हतो, खरं सांगतो. तो आत आला, खुर्चीत बसला, पावाची पुडी टेबलावर ठेवली. मी चहा टाकला. साखर विसरलो. तिघांनी तसाच प्यायला.

मग तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. आत शेजारच्या कोठडीत एक जण तुमचं गाणं म्हणायचा. आवाज बरा होता. पण मला पकडतात तिथवर आला की पहारेकरी ओरडायचा आणि तो गप्प व्हायचा. चार वर्षं ऐकलं, पण पुढचं काही कानावर आलं नाही. शेवटी माझं काय होतं हो?"

काय होतं ते तुला माहीत आहे. कोठडीत झुरून मरतो. बायको दारात वाट बघत म्हातारी होते. लोक तिथं डोळे पुसतात. मी त्याच्या बायकोकडे बघितलं. ती बाजारात राहते पोरी, तिनं ते शंभरदा ऐकलं असणार. आणि त्याला सांगितलेलं नाही. ती कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, विसरलो.

आयुष्यात मी एक ओळ विसरलो नाही. तापात असताना गाणी म्हटलीत, तुझी आई गेली त्या महिन्यात म्हटलीत. पण म्हटलं, विसरलो बुवा, वय झालं. त्या बाईनं कप खाली ठेवला आणि डोळे पुसले. तो म्हणाला, "असू दे, आठवलं की सांगा. मी रविवारी पाव द्यायला येतो." जिन्यात नाक ओढत खाली गेला.

म्हणजे रविवारपर्यंत मला शेवट हवा. बाजारासाठी नाही, बाजार गेला खड्ड्यात. त्याच्यासाठी. एरवी चार दिवस चमचा वाजवला की गाणं होतं, पण काल रात्री बसलो आणि एक ओळ आली नाही. त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. तो आत काय काम करायचा, कोणाशी बोलायचा, सुटला त्या दिवशी दारापाशी बायकोला आधी काय म्हणाला, तू होतीस ना तिथं? मला काहीही घालून चालणार नाही आता. जे झालं तेच हवं, आणि ते तुला माहीत आहे.

तर शनिवारी ये. मी विचारेन, तू सांग. चुकलो तर तिथंच टोक, कोर्टात टोकतेस तशी. मला हे एकट्याला जमत नाहीये.

बाबा